उसवण

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं त्याला आज एकवीस दिवस.
मांड्या ओसरत चालल्यात,
पायजम्यात पाय आहेत असं नुसतं म्हणायचं.
दर गुरुवारी मार्जुन नर्स फेरीबोटीने बेटावर येते,
टेप लावून मांडीचा घेर मोजते, वहीत लिहिते.
दारात थांबून म्हणते,
"मांस, मासे, अंडं, दही. घाला काहीतरी पोटात.
नाहीतर शरीर घरचंच मोडून खातं."

घरचंच मोडून. हे त्यांना लगेच कळलं.
आमच्या बेटावर झाड नाही.
लहानपणी एका हिवाळ्यात
होडीच्या फळ्या चुलीत जाताना त्यांनी पाहिल्यात.

मी वाळवणखोलीतून तंगडी काढली.
फटींच्या भिंतींतून नऊ महिने समुद्राचा वारा तिच्यावरून गेलेला,
वर बुरशीची पांढरी साय.
ती खरवडली, कागदासारखे काप केले.
"कुठला हा?"
"उत्तरेच्या कड्यावरचा. डाव्या कानाला खाच होती तो."
"लबाड होता," म्हणाले हानुसबाबा,
आणि चावू लागले.

माझ्या मांडीवर त्यांचाच जुना स्वेटर,
कोपरं गेलेला. उसवत होते.
"पोटात याचं काय होतं पुढे?"
मेंढा सुखरूप पोचला का, असं विचारावं तसं विचारलं.

मी टोक ओढलं. हे असंच, बाबा.
आधी आंबटात भिजून घड्या सुटतात,
मग कात्र्या चालतात, जठराची एक, स्वादुपिंडाच्या कितीतरी.
बाही बाही राहत नाही,
नक्षी नक्षी राहत नाही,
आतड्याच्या मखमलीवर सुटे टाके उरतात, वीस रंगांचे,
कुणाच्याच मालकीचे नसलेले.
मेंढा तिथे संपतो.
यकृत दारात उभं राहून मोजून घेतं:
एवढे रक्ताला, एवढे हाडाच्या जखमेला,
मांडीला मग बघू.

"मांडीला मग का?"
"ती कानाने जड झालीय.
तरुण स्नायूला कुजबुज पुरते,
तुमच्याला हाक मारावी लागते.
तीही उभं राहून."

ते गप्प. मग, "साठवायचं कुठे?"
"कुठेच नाही. चरबीला कणगी आहे, याला नाही.
एक रंग संपला की बाही तिथेच थांबते,
बाकीचे रंग ढीगभर असोत.
उरलेलं जाळायचं, आणि त्याची राख मुतात."
"मुतातच लोकर धुवायची आमची आई.
दाराशी पिंप असायचं.
ते सांडायचं तिथलं गवत सगळ्यात हिरवं."
एवढं बोलून त्यांना धाप लागली.

मग उसवलेली बाही त्यांनी नाकाशी धरली.
"हीसुद्धा मेंढ्याचीच. ही का नाही पचत?"
"माल तोच. पण गंधकाच्या गाठी मारल्यात तिला,
आपल्या कात्र्या बोथट पडतात.
कसरीला जमतं ते."
"एवढ्याशा किड्याला!"
ते खूप वेळ हसले. दुखलं, तरी हसले.

सहा काप संपले. सातवा बशीतच राहिला.
पलंगाची कड धरून उठले.
खिडकीपर्यंत चार पावलं, मधे एकदा माझा खांदा.
तिथून उतार दिसतो, धुक्यात मेंढ्या.
कुणाचे कान शोधत होते कोण जाणे.

डाव्या बाहीला लोकर कमी पडणार,
मला दिसतंय ते.
टाके घातलेत तरी.