मापवही

मुहर्रकला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. पाटीवर अरबीत 'खय्यात',
आणि खाली, कुणी वाचणार नाही म्हणून बिनधास्त,
मी स्वतः रंगवलंय : म. रा. शिरसाट, कणकवली.

मकी अल-हद्दार पहिल्यांदा आला
तेव्हा त्याच्याकडे नाटक होतं, कापड नव्हतं.
"तांदळाच्या गोण्या चालतील?" मी चेष्टेत विचारलं.
त्यानं गोणी उचलली, हुंगली.
"चालतील. धुऊ मात्र नकोस."

क्लबच्या हॉलमध्ये त्र्याहत्तर खुर्च्या, निम्म्या रिकाम्या.
राजा झालेला कस्टममधला कारकून वळला
आणि पाठीवर बासमतीचा शिक्का, उलटा.
लोक हसले. मग हसायचे थांबले.
ते थांबणं त्यानं तीन महिने बसवलं होतं.

त्याचं पहिलं पान तेव्हाचं :
छाती छत्तीस, बाही तेवीस,
उधारी चौदा दिनार.

सिनेमा केला तो चाळिशीत,
मोती काढणाऱ्यांवर. त्याचा बाप होडीवर दोर ओढायचा;
बुडी मारणाऱ्याचा जीव
अशाच कुणाच्या तरी मनगटात असतो.
"नवा कपडा नको, शिरसाट. दमलेला दे."
सव्वीस सुती अंगरखे मी गच्चीवर
मिठाच्या पाण्यात भिजवले, वाळवले, परत भिजवले,
अख्खा ऑगस्ट. शेजारीण ओरडायची,
तुझ्या घरात समुद्र कुजतोय म्हणून.

पडद्यावर एका बाहीचं ठिगळ
अकरा सेकंद दिसतं. मोजलेत मी.
घाईतला टाका, जरा वाकडा.
शेवटी नावं वर सरकतात त्यात माझं नाही,
पण ठिगळ आहे.

कुठल्याशा बर्फाच्या गावात सिनेमाला बक्षीस मिळालं.
त्या रात्रीचा सूट माझाच.
परत आला तो हॉटेलातला साबण घेऊन,
"तुझ्यासाठी."
छान शिवलंस, असं काही नाही.
ते तो कुणालाच म्हणायचा नाही.

मग दहा वर्षं रमजानच्या मालिका.
सोनेरी सोफे, रडक्या सुना, तीस भागांत एकच घटस्फोट.
छाती बेचाळीसवर गेली.
शिवणीच्या आत मी नेहमी दोन बोटं कापड राखून ठेवतो;
ते सगळं वापरून झालं.
माप घेताना तो भिंतीकडे बघायचा.

शेवटचं नाटक त्यानं
सलमाबादच्या कामगारांना घेऊन केलं.
तेलुगू, बंगाली, पश्तो, ज्याची जी असेल ती.
मला म्हणाला, "तूही ये. टेप आण.
खुर्चीत बसलेल्या माणसाचं माप घे."
खुर्ची रिकामी होती.

पहिल्या तालमीत मी नुसते आकडे म्हटले.
"पाढे म्हणतोयस," तो ओरडला. "त्याला हात लाव!"

प्रयोगाच्या रात्री मी टेप हवेत धरली
आणि तोंडातून मराठीच आलं :
बाबा, मान सरळ ठेवा.
डावा खांदा उतरलाय तुमचा,
ओझं कुठल्या हातात घेता?
हॉलमधल्या कुणालाही एक शब्द कळला नसेल.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
तिसऱ्या रांगेत तो,
कोट दोन माणसांचा वाटावा इतका सैल.
त्याच आठवड्यात मी तो आत घेतला. छाती चौतीस.

कफनाला शिवण नसते.
तीन तुकडे, सरळ फाडलेले.
मला कुणी बोलावलं नाही,
बोलावण्यासारखं काम नव्हतंच.

ती पहिली उधारी त्यानं कधी फेडली नाही.
बाकीची फेडायचा, वेळेवर.
ही मागितली की म्हणायचा,
"ही फेडली तर तू पुढच्या नाटकाचं विचारायचा नाहीस."

काल त्याचा भाचा आला.
मामाच्या टेबलात चिठ्ठी सापडली म्हणे,
माझ्या नावाची. त्यानं पाकीट उघडून
नोटा काउंटरवर ठेवल्या.
मी म्हणालो, मोड नाही.

चौदाच होते.