तीन टक्के माती

कुपवाडच्या शेडमध्ये फिल्मचा फुगा
दिवसभर छताकडे चढतो
आणि वर रुळांत सापडून चपटा होतो.
शकिला मुजावर खाली उभी, कानात कापसाचे बोळे.
अंगठा आणि तर्जनीत फिल्म चोळून जाडी सांगते.
मायक्रोमीटर नंतर तेच सांगतो.

माती मी आणली होती.
दिसायला मैद्यासारखी, पण कणाकणात पापुद्रे,
जाडी एका नॅनोमीटरची,
पसारा त्याच्या शेकडो पट.
"प्लास्टिकमध्ये माती घालायची?" ती म्हणाली.
"लोक तर धुऊन काढतात."

पहिला घाणा वाया गेला.
मातीला पाण्याची ओढ, प्लास्टिक जन्माचं तेलकट,
सोयरीक जुळेना.
फुग्यात करड्या गाठी, आणि गाठ आली की
नेमकं तिथंच फाटायचं.
मग एक मध्यस्थ रसायन शोधलं,
एक हात इकडे देणारं, एक तिकडे.
पापुद्रे सुटे झाले, आडवे पडले.
डोळ्यांना काहीच दिसेना.
तेच तर हवं होतं.

मगदूमशेठ आकडे बघून म्हणाले,
"तिनानं एवढं, तर दहा घाल की."
घातली.
घडी घालताना फिल्म पापडासारखी मोडली.
शेठनी तुकडा खिशात ठेवला, बोलले नाहीत.

चैत्रात तासगावचा हिरवा बेदाणा
दोन पिशव्यांत भरून खिडकीत ठेवला.
साध्या पिशवीत हवा सरळ शिरते.
दुसरीत पावलागणिक एक आडवा पापुद्रा,
वळसा, पुन्हा वळसा,
मिरजेच्या बोळांत पत्ता विचारत फिरणाऱ्या
परगावच्या माणसासारखी.
पोचते शेवटी. उशिरा.

"म्हणजे अडवत नाही?"
"नाही. वाट लांबवते फक्त."
शकिलानं मशीनचा वेग कमी केला,
एक बोळा काढला कानातला.
"मिरजेचे डॉक्टर हेच म्हणाले," ती म्हणाली,
"अब्बांच्या गोळ्यांबद्दल."
फुगा हलला जरासा, पुन्हा सरळ झाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिशव्या उघडल्या.
पहिलीतला बेदाणा काळपट तांबूस.
दुसरीतला हिरवा म्हणता येणार नाही,
पण तांबूसही नाही.
मी वहीत रंग लिहिला, वास लिहिला.
शकिलानं दुसरीतले पाच-सहा दाणे उचलून
कागदाच्या पुडीत बांधले,
पुडी पदराच्या टोकाला.

"वजन तेवढं कमी लिही," म्हणाली,
आणि फुग्याकडे गेली.