पाणसळ

एल्विओ गवंडी होता, चाळीस वर्षं.
त्रेलेऊतल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या,
उरलेल्या निम्म्या वाकड्या, असं त्याचं म्हणणं.
काम सोडल्यावर त्यानं एक जुनी बस घेतली,
बाकं उपटली, पलंग ठोकला, चूल बसवली,
आणि एका मंगळवारी माझ्या शेडसमोर आणून उभी केली,
फ्रिजपुरती जागा रिकामी ठेवून:
त्रेपन्न सेंटिमीटर. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

निदिया मागून उतरली.
तिच्या हातात पातेलं होतं.

मी दोन दाखवले.
एक गॅसवरचा. मागे निळी ज्योत,
करंगळीच्या नखाएवढी,
आणि ती ज्योत आतलं सगळं गार करते.
हे मी तीस वर्षं लोकांना सांगतोय,
मलाच अजून पुरतं पटलेलं नाही.
आवाज शून्य. बॅटरीला तोशीस नाही.
फक्त गाडी सपाट उभी हवी,
नाहीतर नळीतला अमोनिया रुसून बसतो
आणि सकाळी लोणी ओघळलेलं.

दुसरा कॉम्प्रेसरवाला, बारा व्होल्टचा.
गाडी कशीही कलंडो, चालतो.
पण गुरगुरतो. रात्रीत दर वीस मिनिटांनी
काहीतरी आठवल्यासारखा उठतो.
छतावर सोलर हवं, खाली आणखी एक बॅटरी.
म्हणजे पैसे.

एल्विओनं पहिल्याच्या माथ्यावर हात ठेवला,
घोड्याचा सौदा करताना ठेवतात तसा.
"सपाट उभी हवी," तो स्वतःशीच म्हणाला
आणि उजळलाच.
कोटाच्या आतल्या खिशातून पाणसळ काढली,
वीतभर, पिवळी, कडा झिजलेली,
माझ्या काउंटरवर ठेवली.
बुडबुडा डावीकडे गेला.
मी काही बोललो नाही. त्यानंही मोठेपणा केला.

निदिया तोवर पातेलं आत घालून बघत होती.
शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं रांधलेली बाई,
लिटरच्या आकड्यांवर तिचा विश्वास नव्हता.
पहिल्यात कान अडले.
दुसऱ्यात बसलं, वर झाकणालाही जागा.
"आणि वारा?" तिनं विचारलं. "ज्योतीचं काय होतं?"

इथला वारा डोंगरातून निघतो,
समुद्रापर्यंत त्याला टेकायला झाड नाही.
खोटं कशाला बोलू? विझते.
जाळीवर पत्रा मारला तरी विझते.
कामारोनेसच्या रस्त्यावर एका रात्रीत
माझी टोपलीभर मासळी गेली.
कुत्र्यांनीसुद्धा आधी एकमेकांकडे बघितलं.

"थांबलं की पाच मिनिटं," एल्विओ म्हणाला,
"चाकाखाली फळ्या सरकवायच्या. झालं."
"पाच!" निदिया माझ्याकडे वळली.
"आमच्या लग्नाच्या जेवणाला
पाहुणे ताटकळलेले, सूप निवलेलं,
आणि नवरदेव कुठे? टेबलाखाली.
पायाला पुठ्ठा लावतोय."

मग त्याच्याकडे न बघता,
पातेल्याचा कान बोटानं पुसत:
"सगळं सरळ करून झालंय तुझं.
मला आता उतारावर झोपायचंय.
समुद्र दिसेल तिथे थांबायचं,
डोकं खाली गेलं तर जाऊ दे."

एल्विओ बाहेर गेला.
बसच्या टायरला एक लाथ, हलकी.
शेडच्या भिंतीवरून तळहात फिरवला, कुणाची आहे बघावं तसा.
परत येऊन म्हणाला, "बॅटरी केवढ्याची?"

शुक्रवारी मी फ्रिज बसवला.
चार स्क्रू, दोन वायरी, मागे हवेला बोटभर फट.
तो पाणसळ घेऊन हजर.
फ्रिजवर ठेवली. बुडबुडा निघाला थेट खिडकीकडे.
शेडची जमीन नाल्याकडे उतरती आहे,
गाडी धुतली की पाणी जावं म्हणून.
हे मी त्याला सांगणार होतो.
त्याचा हात एकदा फळीकडे गेला.
थांबला.

मग त्यानं पाणसळ उचलली,
पातेल्यात ठेवली,
पातेलं फ्रिजमध्ये,
आणि दार लावलं.

जरा वेळानं गुरगुर ऐकू आली.
निदियानं पुढच्या सीटवरून विचारलं,
"फ्रिज, की तू?"