एक नग, भरमार

तेरवीचं जेवण उरकलं,
मांडवाच्या बल्ल्या अजून उभ्याच होत्या,
तेव्हा पोलीस पाटील ओसरीत आला
आणि चहाला नाही म्हणून उभ्याउभ्याच बोलला,
"कुंदा, ते बंदूक पोचवून दे ठाण्यात.
बाप मेला का परवाना मेला.
बंदूक काई मरत नाई.
आता ते घरात ठेवनं म्हनजे गुन्हा."

ती तिथेच होती, कणगीमागे,
बाबाच्या छत्रीला टेकून.
तेरा दिवस आम्ही रडलो, जेवलो, निजलो
एका गुन्ह्याशेजारी.

आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली.
पाटलाच्या गाडीवर मागे बसून
मांडीवर आडवी धरली तिला,
पाहुण्याचं पोर धरतात तशी,
जपून, आणि थोडं परकेपणानं.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलेलं,
बांधाबांधावर रानडुकरांनी उकरलेली माती.

ठाण्यात नैताम हवालदार.
त्यानं नळीत डोकावून पाहिलं, हसला,
काडीनं उकरून मातीचं बोंडूक काढलं:
कुंभारमाशीचं घर.
"ह्या भरमारीनं तं मुंगीबी मरनार नाई."
तरी लिहिलंच:
एक नग, भरमार, एकनळी, दस्ता तडकलेला,
गज नाही.
गज कुठाय? मला आठवलं,
आई त्यानं चूल सारायची.

भिंतीलगत एक पोरगा बसलेला,
मिसरूड नुकतं फुटलेलं, पायात एकच चप्पल.
त्याच्याजवळ देशी कट्टा सापडला होता.
कुठून आणला तर सीमेपलीकडून,
कशाला तर फोटोसाठी.
त्याची माय नैतामला पुन्हा पुन्हा विचारत होती,
"साहेब, फोटोचे किती?"
नैताम वर न बघता म्हणाला,
"फोटोचे नाई मावशी, कट्ट्याचे.
दोन ते पाच."
तिला वाटलं महिने.
कोणीच तिला दुरुस्त केलं नाही.
मीही नाही.

बाबाचं लाल परवानापुस्तक
घामानं मऊ झालेलं, पानापानावर शिक्के.
दर निवडणुकीला बंदूक जमा,
निकाल लागला की परत.
ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा:
तिनं आमच्या घराइतकंच हे ठाणं पाहिलं होतं.
'उद्देश' या रकान्यात लिहिलेलं, 'पीक संरक्षण'.
पिकाचं रक्षण मात्र बाबा डालड्याच्या डब्यानं करायचा.
माळ्यावर बसून रात्रभर डबा बडवायचा.
बंदूक नुसती शेजारी असायची,
म्हाताऱ्या भावासारखी,
ऐकत.

मी टेकले होते त्या भिंतीवर कागद चिकटवलेला:
लग्नात, वरातीत, आनंदाच्या भरात
निष्काळजीपणे गोळी झाडल्यास
दोन वर्षांपर्यंत कैद
किंवा एक लाखापर्यंत दंड
किंवा दोन्ही.

ते वाचत असतानाच नैतामनं विचारलं,
"कधी चालली का हे?"

आत्याबाई सांगायची:
तीन पोरं गेल्यावर तू जगलीस,
पाचव्या दिवशी तुझा बाप अंगणात आला,
बंदूक भरायला त्याला अर्धा तास लागला, हात असे कापत होते,
आणि त्यानं आभाळात बार काढला.
गाव धावत आलं. वाटलं, वाघ आला.
दशरू गुरनुले तिथं उभा,
काळ्या तोंडाचा, बारुदीनं पापण्या जळलेला,
म्हणत होता, "पोरगी हाय. पोरगी हाय."

तेव्हा हे कलम नव्हतं.
एक लाख तर सगळ्या गावात मिळून नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

नैतामनं 'नादुरुस्त' लिहिलं,
सुतळीनं चिठ्ठी बांधली दस्त्याला,
जशी दवाखान्यात बाबाच्या अंगठ्याला बांधली होती.
"वारस म्हनून अर्ज करनार का तू?"
पाहते, म्हटलं.
पावतीवर सही केली.
लुगडं घडी करून परत घेतलं,
त्याला तेलाचा वास होता.

बाहेर ती माय पायरीवर बसून
पोराची दुसरी चप्पल हातात धरून होती.

रात्री डुकरं आली.
मी माळ्यावर चढले.
डब्याला मधोमध पोचा आहे,
मूठ बरोबर बसते त्यात.