सव्वीस इंच

कॅलेंडरवरून फाडलेला फेब्रुवारी उलटा करून
लावण्यानं यादी लिहायला घेतली आहे.
पहिल्या ओळीत तिनं लिहिलंय: मज्जा.
खाली मी लिहिते: संडासाच्या दाराची रुंदी.

हैदराबाद रस्त्यावर नवीन पार्क झालंय,
फायबरचा डायनासोर म्हणे लांबूनच दिसतो.
फोन लावला. उचलणारा पोरगा गोड बोलतो.
"सगळी सोय आहे मॅडम, चेअर अलाउड आहे."
पाळण्यात?
"पाळण्यात नाही. चेअर बाहेर ठेवायची."
आणि मी?
पलीकडे नुसता पंखा ऐकू येतो. मग तो म्हणतो,
"तुम्ही चेअरपाशीच बसा की. सावली आहे तिथं."

मला सावली नको, आकडे हवेत.
बावीस वर्षं टॉवेल मोजून घड्या घालते मी,
इंच माझ्या बोटांत राहतात.
खुर्ची सव्वीस. बाबा रे, फाटक मोजून सांग,
रॅम्पचा चढ सांग,
वाटेवर फरशी आहे की खडी, तेही.
"बघतो" म्हणाला. बघितलं नसणार.
तिसऱ्या फोनला मात्र त्यानंच विचारलं,
"टेप शून्यापासून धरायचा ना मॅडम?"

रिक्षात खुर्ची बसते, पण मग सासूबाई बसत नाहीत.
म्हणून अंबादासभावजींचा टेंपो,
गठ्ठे चढवायच्या फळीसकट.
त्या फळीवरून मी चढणार, गठ्ठ्यासारखीच,
फक्त माझ्यावर पार्टीचं नाव
निळ्या शाईनं लिहिलेलं नसेल.

पाण्याचा हिशोब यादीत नाही.
पहाटे पाचनंतर घोट घ्यायचा नाही.
मार्चचं सोलापूर घशात तापतं, माहीत आहे,
पण कुलूप घातलेल्या दारापुढं
किल्ली आणायला गेलेल्या माणसाची वाट बघण्यापेक्षा
तहान बरी. ती निदान वेळेवर येते.

श्रीनिवास मायेनंच म्हणाला,
"तू दगदग करू नको. तू बॅगा सांभाळ."
लग्नात, दवाखान्यात, नाटकाच्या मध्यंतरात,
चपला, पर्सा, कुणाचं झोपलेलं पोर, अर्धी भेळ,
सगळं माझ्या मांडीवर.
लोकांना ती मांडी वाटतच नाही, टेबल वाटतं.

मी काही बोलले नाही.
मला गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा आठवला.
एकोणीसची होते, पाय माझेच होते,
पाळणा नेमका वर अडकला.
खाली होम मैदानाचा सगळा उजेड,
बाजूला तलाव, काळा, गप्प,
आणि मी बहिणीची वेणी धरून
घसा बसेपर्यंत ओरडत होते,
खाली उतरवा म्हणून नाही.

भाकरी मोडता मोडता सासूबाई म्हणाल्या,
"बॅगा माझ्याकडं दे. मला उंचावर गरगरतं.
हिला वर बसवा."
चाळीस वर्षं विड्या वळलेली बाई,
मोजून बोलते, हजारी पुरी झाल्यावर थांबते.
श्रीनिवास चटणीत तेल घालत राहिला, घालत राहिला.
मग त्यांनीच ताट ओढून घेतलं.
"आणि शेंगाचटणीचा डबा फाटकावर अडवला,
तर मी पदराखाली नेते."

रात्री त्या पोराचा मेसेज आला.
पाळण्याचं दार सत्तावीस. बसायची फळी जमिनीपासून अठरा.
खाली त्यानं लिहिलं होतं, दोनदा मोजलं.

आमच्या खाटेची एक गादी काढली की अठरा होतात.
खुर्ची टेकवली, ब्रेक लावले,
लावण्या मोजते, ओकटी, रेंडू, मूडू,
आणि मी हातांवर स्वतःला उचलून टाकते.
पहिल्यांदा अर्धीच पोचले.
दुसऱ्यांदा चादरीवर आडवी,
दोघी इतक्या हसलो की शेजारच्यांनी भिंत वाजवली.
परत, म्हटलं. परत मोज.

खांदा दुखतोय. साडेअकरा वाजले.
यादीत टोपी राहिलीय.