ढोली

आमच्या बोरगव्हाणात आता दवंडी
ऑटोच्या भोंग्यातून येते.
"साठ वर्षांवरील सर्व नागरिकांनी
आधार कार्ड घेऊन अंगणवाडीत…"
बाई कोणी पुण्याकडची, भल्ली गोड,
खोकत नाही, थांबत नाही, गावाचं नाव घेत नाही.

मी असतो तं नाव घेतलं असतं.
पाराशी डफडं थांबवून म्हटलं असतं,
बुढे हो, बुढ्या हो, थंडीच्या अगोदर टोचून घ्या.
नातवाच्या नुसत्या नाकात राह्यते तोच आजार
तुमच्या छातीत उतरते अन् खाट धरते.
मागच्या पुसात लहानू गेला असाच.
शेवटी बोलाले दम नव्हता,
बोटानं पाणी मागे.

पण हे सांगाले मी बरा.
स्वतः जाऊन बसाची गोष्ट आली तं
मी कोठ्यामागं, तुराट्याच्या गंजीत.
ज्यानं जलमभर दवंडी देली
त्याचा दवंडीवर इस्वास नसते.

आशाताई दारातून हाक मारून गेली.
सून म्हणे, बाबा वावरात गेले.
वावर कुठं आहे आम्हाले!

फटीतून आभाळ दिसे चिंधीएवढं.
तवा मले ढोली आठवली.

एकाहत्तर साल असन, का बाहत्तर.
देवी डॉक्टर सायकलवर ये.
मी पुढं डफडं घेऊन, तो मांगं पेटी घेऊन,
अन् आख्खं गाव दारं लावून.
बाया पोट्टे लपवत. न्हाणीत, माच्यावर, कडब्यात.
हुडकून देणं माहं काम, कोतवालाचं.

वरच्या आळीत काळमेघाच्या अंगणातून वर
माहा पाय कधी चढला नव्हता.
माह्या बापाचाही नाही.
चहा अंगणात, कप वेगळा, कोनाड्यात उलटा.
डॉक्टर म्हणे, आत जा, सरकारी हुकूम आहे.
गेलो. चपला हातात घेऊन गेलो.
आत थंडं होतं, जवसाच्या तेलाचा वास.
ढोलीचं झाकण काढलं तं
खाली जवारीवर बयना,
सहा वर्षाची, तोंडावर हात, डोळे एवढाले.
म्हटलं, ये बाई. आली नाही.
मंग बखोटं धरून वर काढली
तं माह्या मनगटाले कडकडून चावली.
टोचलं तिले. मी निंगालो.
मांगं उंबरठ्यावर बादल्यानं पाणी ओतल्याचा आवाज.

तिच्या दंडावर वण राह्यला,
माह्या मनगटावर दात.

असं आठवून राह्यलो होतो
तं तुराट्या हालल्या.
"उरकुड्या, निंग बाहेर."
बयना. चष्मा, गुडघ्याले पट्टा.
"मी आत्ताच टोचून आली. तुहं नाव
सिस्टरनं तीनदा वाचलं."
म्हटलं, मले काई झालं नाही.
"मंग मले काय झालं होतं तवा?"

मी गप.
वाकली, गुडघा कुरकुरला,
अन् तिनं माहा हात धरला.
मनगटालेच. आपल्याच दातायवर.

त्या घरचा हात.
किती वर्षं झाले, मोजलं नाही.

अंगणवाडीत मेश्राम सिस्टर, निळा डब्बा,
भितीवर अननस. मुंगी चावल्यावानी वाटलं.
अर्धा तास बसा म्हणे.
बसलो दोघंही पोट्ट्यायच्या खुर्च्यायवर, गुडघे कानाशी.
कागदावर दोघायचा जलमदिवस एक जानेवारी.
आख्ख्या गावाचाच तो.
बयना हासली. चहा आला.
कप सारे एकावानी एक.
पाहून घेतलं मी. सवय.

रात्री दंड ठणकला, अंग जरा तापलं.
झाकटीत कोणी तरी रस्त्यावरून,
"उरकुड्या, हायेस का बे?"

"हावो," म्हटलं, खाटेवरूनच.
आवाज पारापर्यंत गेला असन.