हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात मी जिवंत आहे
हे ट्रेझरीत जाऊन सांगावं लागतं.
कंपूहून टेंपो, मग रांग,
मग खिडकीत सक्सेनाबाबू,
गेल्या वर्षीचा माझा कागद माझ्याशी ताडून बघणारे.
"पहचान का निशान?"
मी पायजमा वर ओढतो. डावा घोटा.
चवलीएवढा पांढरा डाग.
कागदावर लिहिलंय: जुनी जखम.

जखम कसली. जळू होती.
आराकानात, चव्वेचाळीस साली,
बांबूच्या बेटात पालथा पडलो होतो
आणि वीस हातांवर ते बसून भात खात होते.
एकाला ठसका लागला. दुसऱ्यानं त्याच्या पाठीवर थापटलं.
मिठाची पुरचुंडी माझ्या खिशात होती,
हात खिशापर्यंत नेण्याची सोय नव्हती.
ती पोटभर प्याली, आपणहून गळून पडली.
ते उठून गेले.
रक्त मात्र संध्याकाळपर्यंत थांबेना.

आम्ही आपखुशीनं गेलेलो.
रजिस्टरात तसं आहे, आणि ते खोटं नाही.
मैदानावर साहेब म्हणाला,
ज्याला जायचंय त्यानं एक पाऊल पुढे.
तुळशीराम गुरवानं टाकलं, म्हणून मी टाकलं.
त्यानं का टाकलं, हे बोटीवर विचारलं
तर म्हणाला, बुटात खडा होता, पाय झटकला.
जनकगंजच्या देवळातल्या पखवाजियाचा धाकटा हा.
बापाच्या जागी थोरला बसलेला,
ह्याच्या वाट्याला नुसती बोटं आली होती.

जंगलात रात्री पलटण म्हणजे एक पाठ.
पुढच्याची. तेवढीच दिसते, तीही हाताला.
खोकायचं नाही. नाव घ्यायचं नाही.
खेचरांचा आवाज डॉक्टरनं आधीच कापून काढलेला,
ती तोंड उघडत, आणि काहीच येत नसे.
हुकूम असा: मागून एक टिचकी, थांब. दोन, चल.
आलेली टिचकी पुढच्याला द्यायची.
माझ्या मागे, अगदी शेपटाला, तुळशीराम.
एक-दोनवर त्याचं भागेना.
सगळं ठीक असलं की माझ्या खांद्याच्या पात्यावर
तो तीनताल धरायचा, एका बोटानं,
धा धिं धिं धा, इतका हळू
की आधी वाटलं मुंगी चाललीय.
मला ताल कळत नव्हता. पाठीला कळायला लागला.
दीड महिना मी सोळा मात्रांवर चाललो,
पिवळ्या गोळ्या खाऊन पिवळा झालेला.

मग त्या ओढ्याशी
नवव्या मात्रेवर बोट उचललं गेलं.
तिथं काल असतो, त्यानंच शिकवलेलं,
काल म्हणजे मोकळा हात,
दचकू नकोस, पुढं सम येतेच.
मी थांबलो. म्हणजे मनात थांबलो,
पाय चालत होते.
मागं वळायचा हुकूम नव्हता.
पुढच्याच्या पाठीवर माझा हात होता.
त्यावर मी दिल्या
दोन.

हे कुठल्याच कागदावर नाही.

लश्करला आल्यावर त्याच्या बापाला सांगितलं,
गोळी लागली, जागच्या जागी गेला.
म्हातारा म्हणाला, बोटं शाबूत होती ना?
हो म्हटलं.
मला काय माहीत.

सक्सेनाबाबू शिक्का उचलतात.
शाईच्या गादीवर एकदा, कागदावर एकदा.
मी कान देतो. दरवर्षी देतो.
नाही, ही सम नव्हे.
"ठीक है दादा, अगले साल फिर."
मी पायजमा खाली सोडतो.

बाहेर गजकवाल्याकडे तीळ कुटताहेत,
दोन पोरं, दोन मोगऱ्या, आळीपाळीनं,
मधेच एकाची चुकते, दुसरा हसतो.
त्यांच्याकडे पाठ करून
मी थोडा वेळ तिथंच उभा राहतो.
मग पावशेर घेतो. खुसखुशीत बघून.